इन्सुलिनची भिजवायची पिशवी: कच्छच्या रणात आणि कोल्हापूरच्या पावसात

ज्यांच्या घरी आई-वडील इन्सुलिनवर आहेत आणि ज्यांना त्यांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचंय, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय. इन्सुलिन गार ठेवणारी ही पिशवी मार्चमध्ये कच्छला निघण्याआधी घेतली, आता दिवाळी तोंडावर आलीय. कोरड्या हवेत ही पिशवी फार चांगली चालते, दमट हवेत तिच्यावर विसंबू नका. बाकी सगळं ह्याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पिशवीला ना बर्फ लागतो ना वीज. आतल्या कापडाच्या कप्प्यांत बारीक खडे असतात. साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवली की ते फुगून जेलीसारखे होतात, आणि मग ते पाणी हळूहळू कापडातून उडत राहतं. उडताना आतली उष्णता घेऊन जातं. आपल्या माठाचंच तत्त्व. 2019 च्या महापुरात आमच्याकडे वीज गेली, तेव्हा आईची इन्सुलिनची बाटली आम्ही मातीच्या भांड्यातच ठेवली होती, त्यामुळे तिला ह्या पिशवीचं नवल वाटलं नाही.

ज्यांना गरज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन (इन्सुलिन टोचायचं पेनासारखं साधन) बाहेर चालतं, पण 30 अंशांच्या आत, आणि बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडेच. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा सहज 50 च्या वर जातो. बर्फाच्या पिशवीला चिकटून ठेवलं तर गोठायची भीती, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. म्हणजे धोका दोन्हीकडून.

कोल्हापूरहून पुणे, सुरत, अहमदाबाद, मग सूरजबारीचा पूल ओलांडून भुज. अहमदाबादपर्यंत एसी चालू होता, पिशवीची खरी परीक्षा झालीच नाही. ती भुजच्या पुढे झाली. आईला दोनच ठिकाणं बघायची होती, काळा डुंगर आणि धोलावीरा. काळ्या डुंगरावर दत्ताचं देऊळ आहे, आणि आमची आई वाडीची वारकरी. जमेल त्या पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणारी. ह्या डोंगरावर आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसादाचा भात घालतात. खाली नजर पोचेल तिथवर पांढरं रण. आई कठड्याला धरून कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आगं, वाडीत म्हाराजांच्या पादुकांवर पाणी चढतंय, आन् हितं पाण्याचा टिपूस न्हाई. तरीबी म्हाराज हायतीच."

खावड्याहून धोलावीऱ्याला जाणारा रस्ता थेट रणातून जातो. पूर्वी भचाऊ-रापरवरून मोठा वळसा होता. दोन्ही बाजूंना मिठाचा थर, वर आभाळ, मध्ये डांबराची एक सरळ रेघ. झाड नाही, टपरी नाही, सावली नाही. आईनं चार-चार वेळा गाडी थांबवायला लावली, खाली उतरून मीठ बोटानं उचलून जिभेला लावलं. मी इतकी वर्षं तिला घेऊन फिरतेय, पण तिला असं हरखलेलं क्वचितच पाहिलंय.

त्या दिवशी बाहेर 37 अंश होते. पिशवीत छोटा डिजिटल थर्मामीटर ठेवला होता, तो 24-25 च्या वर गेला नाही. हवा इतकी कोरडी की पाणी झपाट्यानं उडतं आणि पिशवी हाताला गार लागते. गाडी उभी करताना मात्र पिशवी आत ठेवली नाही, खांद्याला अडकवून बरोबर नेली. धोलावीऱ्याच्या अवशेषांत ऊन कडक, पण चालण्यासारखं खूप आहे. 2021 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. मनसर आणि मनहर ह्या दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी अडवून त्या लोकांनी दगडी हौद बांधले. एवढ्या रखरखाटात ते हौद बघताना माणूस गप्प होतो.

एक गोष्ट मला कुठल्या माहितीपत्रकात सापडली नाही. तिथल्या मुक्कामी नळाचं पाणी खारट होतं आणि त्यात खडे नीट फुगेनात. क्षार असले की ह्या जेलची पाणी धरायची ताकद कमी होते. बाटलीच्या पाण्यात भिजवली, तेव्हा पहिल्यासारखी झाली. रणाकडे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

पिशवी प्लास्टिकच्या डब्यात किंवा गाडीच्या बंद कप्प्यात ठेवू नका. हवा लागली नाही तर पाणी उडणार नाही आणि गारवाही येणार नाही. फार वेळ भिजवू नका, खडे इतके फुगतात की पेन आत सरकत नाही. आणि पिशवी कितीही चांगली असली तरी उन्हात अंग तापलं की इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं, साखर अचानक खाली येऊ शकते. आम्ही ग्लुकोज आणि बिस्किटं हाताशी ठेवली होती, जेवणाची वेळ चुकू दिली नाही. हे सगळं निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

आता घरची गोष्ट. एप्रिलमध्ये कोल्हापुरात दुपार कोरडी असते, तेव्हा पिशवी रणातल्यासारखीच चालली. मे महिन्यात गणपतीपुळ्याला गेलो आणि तिचा दम संपला. बाहेर 33, आत 30 ला टेकलेलं. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच एवढं पाणी असतं की पिशवीतलं उडायला जागा नाही. तिथं मी सरळ लॉजच्या फ्रिजचा आसरा घेतला. जुलैमध्ये वाडीला जाताना तर ती नेली न नेली सारखीच; पण तेव्हा हवाच 25 च्या आसपास असते, त्यामुळे पेन साध्या कापडात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं तरी चालतं.

पावसाळ्यात खरा त्रास वाळवण्याचा. आठवडा उलटला तरी आतली पिशवी ओली, आणि तिला कुबट वास यायला लागला. पंख्याखाली टांगून, मग ऊन पडेल तेव्हा गच्चीवर टाकून वाळवली. पूर्ण वाळून खडे पुन्हा बारीक होईपर्यंत कपाटात ठेवू नका. शिवण अजून शाबूत आहे, बाहेरच्या कापडाचा रंग थोडा उतरलाय.

घेताना दोन पेनं मावतील अशी मधल्या आकाराची घ्या. आईचं सकाळचं आणि रात्रीचं इन्सुलिन वेगळं, लहान पिशवीत दोन्ही बसत नाहीत. ज्यांच्याकडे अजून बाटली आणि सिरिंज आहे त्यांनी बाटलीची रुंदी मोजून घ्या. येत्या मे महिन्यात कोकणात जायचं ठरलं तर मी वेगळा विजेवरचा छोटा डबा घेईन, आणि मार्चमध्ये पुन्हा रणात गेलो तर हीच पिशवी नेईन. आईनं आत्तापासूनच काळ्या डुंगराचं नाव काढायला सुरुवात केलीय.