वाड्याची वीट उघडी ठेवावी की चुन्याचा गिलावा करावा?

आर्वीकडच्या भाच्याने विचारलंय: आजोबांच्या वाड्यावरचं सिमेंट प्लास्टर काढतोय, पुढे वीट उघडी ठेवू की चुन्याचा गिलावा करू? सिमेंट काढणं दोन्हीकडे आलंच. ते ओल कोंडून ठेवतं, मग भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो.

उघड्या विटेला सामान कमी, मजुरी जास्त. बाबा रे, ब्रेकर लावू नकोस. छन्नी तिरपी धरून हलकेच सोल. जुन्या विटेची भाजलेली वरची कातडी निघाली, की आतला मऊ भाग नुसत्या बोटाने झडतो. विटांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, त्याही चुना-वाळूनेच भर, सिमेंटने नको.

टिकाऊपणात गिलावा सरस. पावसाचा मारा तोच झेलतो. पण आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, अशा उन्हात तो पटकन वाळून तडकतो. दिवाळीनंतर काम काढ, ओली गोणपाटं टांग. चुना नीट मुरवणारा गवंडी मिळणं हीच खरी अडचण.

पावसाच्या तोंडची भिंत आणि जमिनीलगतचा भाग गिलाव्यात घे. ओसरीत, छपराच्या आडोशाला वीट खुशाल उघडी ठेव, देखणी दिसते. विटा ठिसूळ निघाल्या तर मात्र सगळीकडे चुनाच.