यादीबाहेरचा प्लगइन: थेट टाकायचा की सॅम्पल करायचा?
रिसेप्टर हा रॅकमधला प्लेअर आतून लिनक्सवर चालतो आणि विंडोजचे व्हीएसटी प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली वाद्यं, वाजवतो. म्हणून त्याच्या अधिकृत यादीत नसलेल्या प्लगइनची डीएलएल फाइल (प्लगइनचा मूळ प्रोग्राम) नेटवर्कवरून टाकून बघता येते. जमलं तर फिल्टरचे, म्हणजे आवाजाचा रंग बदलणारे, नॉब जिवंत राहतात. ऑथरायझेशनची (परवाना तपासणारी) खिडकीच उघडली नाही, तर गाडी तिथेच अडते.

नाहीतर लॅपटॉपवर प्लगइनचा आवाज सॅम्पल करायचा, म्हणजे एकेक स्वर रेकॉर्ड करून ठेवायचा. दर तिसरा स्वर, पट्टी दाबण्याचे चार जोर: ८८ पट्ट्यांचे १२० नमुने, प्रत्येकी ८ सेकंद, म्हणजे १६ मिनिटांचं रेकॉर्डिंग. लूप (लांब स्वरासाठी पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) जुळवायला मात्र रात्र जाते. गंगापूर रोडवरच्या खोलीत हार्मोनियमसाठी मी ती घालवली. नॉब गेले, भात्याचा श्वास राहिला. नवरात्रात नाशिकच्या स्टेजवर मी हा सॅम्पल केलेला आवाजच घेतो. गायिकेने आलाप उचलल्यावर आवाज तुटून चालत नाही.