लकडगंजातील एक कारखाना आणि आमचे ओकचे मेज

नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या वखारींमागे, एका बोळात असलेल्या सुतारकामाच्या या कारखान्याशी आमच्या घराचा संबंध जुना आहे. तो सुरू करणारे मिस्त्री आता हयात नाहीत. परंतु त्यांनी माझ्या वडिलांसाठी केलेले सागवानी कपाट अजून वापरात आहे आणि त्याचा खालचा खण पूर्ण बाहेर काढला, तर मागच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेली तारीख दिसते : १४ ऑक्टोबर १९७९. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील किलबर्न गावचे सुतार रॉबर्ट थॉम्पसन (१८७६–१९५५) आपल्या ओकच्या फर्निचरवर लहानसा उंदीर कोरत आणि त्यावरूनच ते ‘माऊसमॅन’ म्हणून ओळखले गेले. आमच्या मिस्त्रींची खूण मात्र खण उपसणाऱ्यालाच सापडते.

थॉम्पसन यांच्या कामाची छायाचित्रे पाहिल्यापासून मला लिहिण्याचे मेज ओकचेच हवे होते. आमच्या मिस्त्रींच्या, आता कारखाना सांभाळणाऱ्या चिरंजिवांनी प्रथम मला त्यापासून परावृत्त करून पाहिले. व्यापारात अजूनही ‘सीपी टीक’ (सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, जुना मध्य प्रांत) म्हणून मान असलेले आलापल्ली-बल्लारपूरकडचे सागवान हाताशी असताना परदेशी लाकूड कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीसुद्धा सागवान नागपूरहूनच गेले. मी हट्ट सोडला नाही, तेव्हा त्यांनी ओकच्या एका ढलपीवर पाणी शिंपडून लोखंडी खिळा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो खिळ्याभोवती शाई सांडल्यासारखा निळसर काळा डाग. ओकमधील टॅनिन या तुरट द्रव्याचा लोखंडाशी ओलाव्यात संयोग होतो, म्हणून या मेजात लोखंडी खिळा एकही नाही. पाय आणि आडपट्ट्या कुसू-खाचेने, म्हणजे एकाचे कोरलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, जोडून लाकडी मेखांनी पक्क्या केल्या आहेत आणि खणांच्या मुठींना पितळी स्क्रू आहेत. माथ्याची रुंद फळीही चौकटीला चिकटवलेली नसून खालून लाकडी गुटक्यांनी अडकवलेली आहे, कारण नागपूरच्या मे महिन्यात आक्रसलेले लाकूड पावसाळ्यात फुगते आणि त्याला सरकायला जागा हवी. सांध्यात पोस्टकार्डाची कडही शिरत नाही, हे मी करून पाहिले आहे.

तक्रारीही आहेत. सहा आठवड्यांचे सांगून अकरा लावले, मजुरी लाकडाच्या किमतीइतकीच झाली आणि घरपोच पाठवण्याची सोय नसल्याने गाडी मलाच ठरवावी लागली. (जिना चढवताना भिंतीचा रंग गेला, तो दोष अर्थात आमच्या जिन्याचा.) शिवाय मे महिन्यात अलगद सरकणारा उजवा खण जुलैत अडला. मी फोन केल्यावर ते स्वतः आले. पण रंधा पिशवीतून बाहेर न काढता त्यांनी खणाच्या कडांना फक्त मेण चोळले. आता रंधले तर उन्हाळ्यात खण खुळखुळेल, दिवाळीपर्यंत थांबा, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या वेळी मला ती टाळाटाळ वाटली.

दिवाळीनंतर ते न बोलावता आले, तोवर खण आपोआप मोकळा झाला होता. त्यांनी तो दोनतीनदा आतबाहेर करून पाहिला, मग पूर्ण उपसून उलटा धरला आणि खिशातली पेन्सिल काढून मागच्या फळीवर त्या दिवसाची तारीख घातली. मेज तर एप्रिलमध्येच दिले होते, असे मी म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, “बाबा एक पावसाळा निघाल्याशिवाय तारीख टाकत नसत.”