व्हेराक्रिप्ट: पर्समधल्या पेनड्राइव्हसाठी कुलूप

सांगलीत मी इन्कम टॅक्स रिटर्न भरायची कामं करते. जुलैमध्ये माझ्या पर्समधल्या एका पेनड्राइव्हवर दीडशेएक घरांची पॅनकार्डं, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंटं असतात. दोन वर्षांपूर्वी तो एका झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरला तसाच राहिला. सकाळी मिळाला, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद मी उघड्यावर टाकून आले होते.

तेव्हापासून व्हेराक्रिप्ट वापरते, म्हणजे फाईलींना पासवर्डचं कुलूप लावणारं सॉफ्टवेअर. पैसे पडत नाहीत, कोड सगळ्यांना बघायला खुला आहे. ट्रूक्रिप्ट नावाच्या अशाच जुन्या सॉफ्टवेअरवरून २०१३ मध्ये हे तयार झालं. माझ्या लॅपटॉपवर विंडोज होम आहे. त्यात बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कुलपाने, लॉक केलेला पेनड्राइव्ह उघडता येतो, पण नव्याने लॉक करता येत नाही.

सुरुवातीला मी व्हेराक्रिप्टने अख्खा पेनड्राइव्हच एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केला. तसं करू नका. असा पेनड्राइव्ह विंडोजला वाचता येत नाही, म्हणून लावल्या लावल्या ते ‘फॉरमॅट करा’ म्हणतं. भाच्याने खरंच करून टाकला. मूळ फाईली लॅपटॉपवर होत्या म्हणून निभावलं.

आता मी कंटेनर करते. कंटेनर म्हणजे पेनड्राइव्हवरची एकच मोठी फाईल. पासवर्ड टाकला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते. बनवताना माउस कसाही फिरवत राहायचा, खालची पट्टी लालची हिरवी होईपर्यंत. माझा कंटेनर १० जीबीचा आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल त्यावर बसत नाही, म्हणून आधी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घेतला. पासवर्ड २० अक्षरांच्या वर ठेवा. उघडायला काही सेकंद लागतात, तेवढं थांबायचं. काम झालं की आधी कंटेनर बंद (अनमाउंट) करायचा, मगच पेनड्राइव्ह काढायचा.

अडचण एकच, पण मोठी. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर हे चालवायला ॲडमिनची परवानगी लागते, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानात कंटेनर उघडत नाही. प्रिंटपुरती पीडीएफ मी दुसऱ्या, रिकाम्या पेनड्राइव्हवर नेते आणि घरी आल्यावर पुसते. आणि पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारं कुणी नाही. माझा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून घरच्या कपाटात ठेवलाय. हे मी ह्यांनाही सांगून ठेवलंय.

यंदा एक निवृत्त गुरुजी कागद द्यायला आले. म्हणाले, “मॅडम, हे सगळं तुम्ही ठेवता कुठं?” त्यांच्यासमोरच पेनड्राइव्ह लावला. चष्मा वर करून त्यांनी स्क्रीनकडे बघितलं.

“एकच फाईल दिसतेय. ह्यात माझं नाव कुठंय?”

“आत आहे, गुरुजी. पासवर्ड टाकल्याशिवाय दिसायचं नाही.”

मग त्यांनी पिशवीतून पासबुक काढून टेबलावर ठेवलं.