उत्तर कोरिया: करार की कोंडी?

अमेरिकेच्या क्लिंटन सरकारने १९९४ मध्ये प्योंगयांगशी, म्हणजे उत्तर कोरियाशी, करार केला: बॉम्बसाठी प्लुटोनियम देऊ शकणारी तिथली योंगब्योनची अणुभट्टी बंद, बदल्यात वर्षाला ५ लाख टन इंधन तेल. विरोधक त्याला लांगूलचालन म्हणत. तेल वेळेवर पोहोचत नसे आणि उत्तर कोरियाने बॉम्बसाठी युरेनियमचा चोरमार्ग धरला, हेही खरं. तरी आठ वर्षं तिथलं प्लुटोनियम आंतरराष्ट्रीय अणु-निरीक्षकांच्या नजरेखाली होतं.

बुश सरकारने २००२ मध्ये कोंडी निवडली. तेल थांबलं, डिसेंबरात निरीक्षकांना हाकललं गेलं, ९ ऑक्टोबर २००६ ला पहिली अणुचाचणी झाली. नेमक्या त्या निर्णायक महिन्यांत अमेरिकी वाहिन्यांचं लक्ष इराककडे होतं, जिथे अण्वस्त्रं नव्हतीच! याचा मला आजही संताप येतो. माझ्या मते अपुरा असला, तरी करारच उजवा होता.