४×३२ का ३-९×४० एओ? दोन्ही वापरून झाले म्हणून सांगतो

स्प्रिंगवाल्या .१७७ (साडेचार मिमी छर्र्याच्या) एअर रायफलवर स्कोप, म्हणजे निशाण्याची दुर्बीण, लावायचा अन् बजेट कमी, मग फिरून फिरून गोष्ट या दोघांवरच येते. मी आधी ४×३२ घेतला, म्हणजे चारपट मोठं दाखवणारा, पुढची काच ३२ मिमीची. वर्षभरानं ३-९×४० एओवाला, म्हणजे झूम ३ ते ९ पट, काच ४० मिमीची, अन् एओ म्हणजे पुढच्या काचेची रिंग फिरवून अंतर जुळवायची सोय, तो जवळपास दुप्पट पैशात पडला. रेंज म्हणजे गोठ्यामागची मोकळी जागा, धुऱ्याला लागून काळ्या मातीची पोती रचलेली, अंतर १० ते २५ मीटर. निशाणा कागद नाही तं डबा. तितर-बटेर नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, पण मनालाही पटत नाही.

४×३२ तसा गुणाचा. हलका, काही फिरवायची भानगड नाही, खांद्याला लावला की चित्र समोर. पण दिवाळीत भाचा आला अन् तिथंच गडबड झाली. मी झिरो करून (छर्रा क्रॉसवरच लागेल असा स्कोप जुळवून) द्यायचो, माझे छर्रे मधात, तो बसला की सारे अर्धं-पाऊण बोट डावीकडं. मी त्यालेच बोलत राह्यलो, ट्रिगर झटकतोस म्हणून, छर्रे बदलून पाह्यले, माउंटचे (स्कोप बंदुकीला धरणाऱ्या पकडीचे) स्क्रू आवळले, आख्खा एक डबा छर्र्यांचा त्यातच गेला. शेवटी बंदूक पोत्यावर घट्ट टेकवली अन् हात न लावता नुसतं डोकं इकडंतिकडं हलवून पाह्यलं, तं क्रॉस कागदावर सरकून राह्यला होता! पॅरलॅक्स, बाप्पा, म्हणजे डोळा हलला की क्रॉस निशाण्यावरून सरकतो ते. स्कोपमधे तो एका ठरावीक अंतरालाच जुळवलेला असते, माझा होता १०० यार्डाला फिक्स, म्हणजे मोठ्या रायफलीच्या हिशोबाचा, अन् आपण मारतो १० मीटरवर. भाच्याचा गाल बटवर माझ्यापेक्षा वेगळ्या जागी टेकत होता, एवढंच.

एओत पुढची रिंग फिरवून कागद साफ केला की मग डोकं थोडं हललं तरी क्रॉस जागेवर राहते. रिंगवरच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका, माझ्यात १५ लिहिलंय तिथं २० चं साफ दिसते, मी पांढरी टेप चिटकवून पेननं आपल्याच खुणा केल्या. अन् ९ वर तं मी नेतच नाही, श्वास घेतला तरी कागद नाचते, ४-५ वरच असतो. पैसे झूमचे नाही, त्या रिंगचे दिले समजा. जड आहे पण, उभ्यानं मारलं तं हात भरून येतो.

एकटेच मारणार, तेही एकाच अंतरावर, तं ४×३२ वाईट नाही, त्यातही ३०-३५ यार्डाला सेट केलेला एअरगनवाला भेटला तं अजून बरं. घरात दोघं-तिघं हात लावणार असतील तं मी आपला एओच म्हणीन.

कोणताही घ्या, स्प्रिंग गनवर टिकते का हे आधी विचारा, पिस्टनमुळं झटका आधी मागं अन् मग पुढं असा दोन्हीकडून बसतो अन् तो पुढचा झटका साध्या स्कोपला झेपत नाही. माउंटला स्टॉप पिन (मागं सरकू न देणारी खिळी) पाहिजेच, नाही तं बंदुकीवरच्या ११ मिमीच्या रेलवर स्कोप हळूहळू मागं सरकत येते.

माझा ४×३२ भाच्यानं नेला. तिकडं तो एकटाच मारतो, काही तक्रार नाही म्हणते.