११४ मिलिमीटरची लाल दुर्बीण: सहा महिने, एक रोलची डबी आणि पोटातलं भिंग

विक्रेत्याच्या अ‍ॅपवरून परवा पुन्हा निरोप आला, "आपला अनुभव कसा होता? तारे द्या." नोव्हेंबरमध्ये मी एक तारा दिला होता, तोही शून्य देता येत नाही म्हणून. आता तो बदलायचा आहे. किती करायचा ते लिहिता लिहिता ठरवते.

दुर्बीण तुम्ही ओळखालच. आखूड लाल नळी, ११४/१००० (आरशाचा व्यास ११४ मिलिमीटर, आणि नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून किरण एकत्र येतात तिथवरचं अंतर, १०००), इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यामागे फिरवता येते ती बैठक), २५ आणि ४ मिलिमीटरच्या दोन नेत्रिका (डोळा लावायची भिंगं), ३ पट बार्लो (वर्धन तिप्पट करणारं जोडभिंग), खोक्यावर शनीचं चित्र आणि खाली ठसठशीत "७५० पट". दिवाळीच्या आधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ९,२०० रुपयांना घेतली. घेतली कारण भाच्याने रील दाखवलं. एक मुलगा गच्चीवर येतो, नळी आकाशाकडे करतो आणि पुढच्या क्षणी पडदाभर शनी, कडी झगझगीत. "आत्या, ४० टक्के सूट आज रात्री संपतेय." ती सूट अजून चालू आहे. कालच बघितली.

पहिल्या रात्री इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गच्चीवर घरातले पाच जण आणि शेजारचे तीन. चंद्र दिसला, छान दिसला, सगळे खूश. मग मी उत्साहात ४ मिलिमीटरची नेत्रिका लावली. पिठलं. अक्षरशः पिठलं, गुठळ्यांसकट. ताऱ्याकडे वळवली तर ठिपक्याऐवजी शेपटी फुटलेला थेंब. शनी तर कहर: एक पिवळट वाटाणा, कडी नाहीतच. माझी रास मेष, साडेसाती २०२५ मध्येच लागली. ज्याच्यासाठी नऊ हजार मोजले तोच तोंड दाखवेना, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या आणि खाली जेवायला गेल्या.

मग मदतकेंद्र. पहिल्या फोनला "मॅडम, फोकस घुमाइए." दुसऱ्याला "मॅडम, खुले आसमान में देखिए," जणू मी स्वयंपाकघरात बसून बघत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. उघडला तर तेच रील! तोवर परत करायचे सात दिवस उलटून गेले होते. व्हिडिओखाली शेकडो लोकांनी माझाच प्रश्न विचारलेला, "तारा शेपटीवाला का दिसतो?" उत्तरांत हात जोडलेली चित्रं, आगीची चित्रं आणि एकाने ठामपणे सांगितलेलं की आरसा मायक्रोफायबरने घासून पुसा. मी पुसणारच होते. कापड हातात होतं. नशीब, त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. दुर्बिणीच्या आरशाचा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, घरातल्या आरशासारखा मागे नसतो. कोरडा घासला की चरे कायमचे. थोडी धूळ बसू दिलेली बरी. हे मला दोन महिन्यांनी कळलं.

दुसऱ्या एका रीलमध्ये "कॉलिमेशन", म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, लेझरने एका मिनिटात होतं असं दिसलं. १,३५० रुपयांचं लेझर मागवलं. एक मिनिट सोडा, तीन रविवार गेले. लेझरचा लाल ठिपका परत येताना असा फिसकटून यायचा की कुठला मध्य आणि कुठली कड. मी मागचे तीन स्क्रू फिरवत राहिले आणि दुर्बीण आणखी आंधळी होत गेली.

गोष्ट फिरली ती सियागंजमध्ये, एका हार्डवेअरच्या दुकानात. मला दुय्यम आरशाच्या (नळीच्या तोंडाशी असतो तो छोटा) स्क्रूसाठी बारीक अ‍ॅलन की हवी होती. दुकानदार म्हणाला, "भिया, इतना छोटा कौन मांगता है." शेजारी सँडपेपर मोजून घेत असलेले एक वयस्क गृहस्थ मराठीत म्हणाले, "दुर्बिणीला का, ताई?" मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, "नळी केवढी?" हातभर, मी म्हटलं. "आणि नाभीय अंतर किती लिहिलंय?" १०००. ते हसले. "हातभर नळीत मीटरभर अंतर कसं मावलं, हे विचारलंत का कुणाला?"

नव्हतं विचारलं. सहा फोन, शेकडो कमेंट, तीन रील, आणि हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

तर हे पोटातलं भिंग. या दुर्बिणीचा मुख्य आरसा गोलाच्या तुकड्यासारखा घासलेला आहे, कारण तो स्वस्तात घासता येतो. त्याचं स्वतःचं नाभीय अंतर साधारण ५०० मिलिमीटर. इतका खोलगट गोल आरसा सगळे किरण एका बिंदूत आणत नाही, त्यासाठी परवलयाकार आरसा लागतो. मग फोकसरच्या, म्हणजे नेत्रिका बसते त्या, नळीच्या तळाशी एक भिंग बसवतात. ते आरशाची चूकही दुरुस्त करणार आणि अंतर दुप्पट करून १००० ही करणार. या रचनेला बर्ड-जोन्स म्हणतात. रचना मुळात वाईट नाही, भिंग नीट घासलेलं आणि नीट बसवलेलं असेल तर. माझ्यातलं तसं नाही. आणि लेझरचा किरण याच भिंगातून जाऊन विस्कटत होता! ते काढल्याशिवाय लेझर लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून सुईत दोरा ओवणं. खोक्यावर या भिंगाचा उल्लेख नाही, माहितीपुस्तिकेत नाही, मदतकेंद्राच्या मुलाला ते आत आहे हेच माहीत नव्हतं. मी त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "जी मॅडम, नोट कर लिया."

मला दुर्बिणीच्या स्वस्तपणाचा राग नाही. नऊ हजारांत काय मिळणार, हे मलाही कळतं. लपवाछपवीचा आहे. आणि ७५० चा. छिद्राच्या, म्हणजे आरशाच्या व्यासाच्या, मिलिमीटरची दुप्पट, ही उपयोगी वर्धनाची कमाल मर्यादा, तीही हवा शांत असेल तर. म्हणजे ११४ ला २२८. माझी ४ ची नेत्रिका बार्लोशिवायच २५० पट करते, म्हणजे खोक्यातली निम्मी सामग्री पहिल्या दिवसापासून निरुपयोगी. त्या पैशांत एक बरी १० मिलिमीटरची नेत्रिका दिली असती तर मी हे सगळं लिहिलंच नसतं.

सँडपेपरवाले ते गृहस्थ, म्हणजे आता आमचे काका, एका जुन्या कापड गिरणीत टर्नर होते. गिरणी बंद पडली, हात रिकामे राहिले नाहीत. अमावास्येजवळच्या शनिवारी लोकमान्य नगरातल्या त्यांच्या गच्चीवर आठ-दहा जण जमतात, निम्मे मराठी, निम्मे हिंदी, एक मुलगी भौतिकशास्त्र शिकणारी, एक औषध दुकानवाला. हिवाळ्यात सगळे गाड्या करून जानापावाच्या बाजूला जातात, जिथे चंबळ उगम पावते, कारण इंदूरच्या आकाशात आता काही उरलेलं नाही. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर, रस्त्यावर कागदाचा कपटा सापडणार नाही, आणि वरती मात्र एलईडीचा उजेड सांडून ठेवलाय, तो कुणी उचलत नाही.

काकांची स्वतःची दुर्बीण सहा इंची, आरसा त्यांनीच घासलेला, हॅलेच्या धूमकेतूसाठी. एका पिंपाभोवती गोल गोल फिरत, कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालत, एका काचेवर दुसरी काच. मग बल्ब आणि दाढीचं ब्लेड घेऊन आरशाचा आकार तपासायचा. १९८६ च्या हिवाळ्यापर्यंत तयार झाली आणि अजून चालते. नळी चार फुटी. "लांब आहे, पण खोटं बोलत नाही," म्हणतात.

माझ्या दुर्बिणीचं ऑपरेशन झालं ते असं. पोटातलं भिंग पिळून बाहेर काढलं. मुख्य आरशाच्या बरोबर मध्यावर, फाइलच्या कागदाच्या भोकाला चिकटवतात ती पांढरी गोल चकती लावली. (माझ्या ऑफिसात अशा चकत्यांचं पाकीट २० रुपयांना मिळतं. कंपनीला ती लावायला काय झालं होतं?) फोकसरमध्ये जुन्या फोटो रोलची काळी डबी, झाकणाला मधोमध सुईने पाडलेलं भोक आणि तळ कापलेला. सव्वा इंची फोकसरात ती डबी जणू त्यासाठीच केल्यासारखी बसते. भोकातून बघायचं आणि स्क्रू फिरवत जायचं, आरशात आरसा, त्यात आपलाच डोळा, आणि सगळ्यांच्या मध्ये ती चकती येईपर्यंत. मग भिंग परत बसवायचं आणि शेवटची तपासणी ध्रुवावर, कारण तो हलत नाही. इंदुरात तो जेमतेम २३ अंशांवर असतो, आमच्या गच्चीवरून समोरच्या इमारतीच्या टाकीला टेकलेला. फोकस किंचित बिघडवला की ताऱ्याभोवती वर्तुळं दिसतात. ती एकमध्य आली की झालं.

लेझरचंही शवविच्छेदन झालं. काकांनी दोन खिळ्यांच्या बेचक्यात ते ठेवून हळूच फिरवलं. समोरच्या भिंतीवरचा ठिपका जागेवर राहायला हवा. त्याने चांगलं वाटीएवढं वर्तुळ काढलं. म्हणजे जे यंत्र दुसऱ्याला सरळ करणार, तेच वाकडं. १,३५० रुपये.

इथपर्यंत मी पक्की चिडलेली होते आणि एक ताराच बरोबर होता असं मानत होते. मग मी शनीचं गाऱ्हाणं काढलं. कडी दिसतच नाहीत, आता भिंगही नीट बसवलंय.

काका आत गेले आणि एक जाडजूड रजिस्टर घेऊन आले. गिरणीचं जुनं हजेरीपुस्तक, कापडी बांधणीचं. त्यात १९८६ पासूनच्या नोंदी, वेगवेगळ्या हातांच्या: तारीख, हवा, कुठली नेत्रिका, पेन्सिलीचं चित्र. कुणी प्रश्न लिहिलाय, "आरशावर बुरशी, काय करू?", आणि खाली दुसऱ्या शाईत उत्तर, त्याखाली तिसऱ्याने खोडून लिहिलेलं, "असं करू नका, माझा मुलामा गेला." जुलै १९९४ च्या पानावर गुरूवर आदळलेल्या शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे काळे डाग, ढगांच्या फटीतून ११ मिनिटं पाहिलेले. २२ जुलै २००९ ला सूर्याचं खग्रास ग्रहण थेट इंदुरावरून गेलं होतं. त्या पानावर एवढंच: "ढग. अंधार झाला. कावळे गप्प." मी तेव्हा इथेच होते, झोपले होते.

आणि शनी. १९९५ च्या पावसाळ्यानंतरचं चित्र, जानेवारी २००९ चं चित्र, दोन्हींत गोळ्याच्या आरपार सुईएवढी रेघ. साधारण १५ वर्षांनी शनीची कडी आपल्याला बरोबर कडेवर दिसतात आणि इतकी पातळ असल्यामुळे जवळपास नाहीशी होतात. २०२५ च्या २३ मार्चला तसं झालं, आणि नोव्हेंबरात ती पुन्हा जवळजवळ आडवी आली होती. म्हणजे माझी दुर्बीण या एका बाबतीत खरं दाखवत होती! रीलमधला शनी २०१७ च्या आसपासचा कुठला तरी, कडी पूर्ण उघडलेली. तशी ती पुन्हा दिसायला २०३२ च्या सुमाराचं वर्ष उजाडेल. मी मदतकेंद्राला ज्या गोष्टीवरून सर्वांत जास्त ओरडले, तीच त्यांची चूक नव्हती. (बाकीच्या होत्या. माफी मागितलेली नाही.)

त्या रात्री पुन्हा वाटाण्याकडे बघितलं. रेघ होती. फार वेळ बघितल्यावर दिसणारी, केसाएवढी.

जानेवारीत गुरू पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, रात्रभर वर. काकांकडून उसनी १० मिलिमीटरची नेत्रिका लावून १०० पट. दोन पट्टे स्पष्ट, चार चंद्र, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चार चंद्रांनी जागा बदललेल्या. घरातले पाचही जण पुन्हा गच्चीवर आले, शेजारच्या वहिनीसुद्धा. मृगातला तेजोमेघ जानापावाहून धुरकट पंखासारखा दिसला. कृत्तिका मात्र या दुर्बिणीत मावतच नाहीत, त्यांना साधी १०x५० द्विनेत्री (बायनॉक्युलर) बरी. सगळे जुने लोक नवख्याला आधी तीच घ्यायला सांगतात, हेही मला नंतर कळलं.

तिपाईबद्दल थोडक्यात: हलते. खाली पाच किलो गव्हाची पिशवी टांगते. मार्चमध्ये एका पायाची प्लॅस्टिकची पकड तुटली, कंपनी ती सुटी विकत नाही, काकांनी लाकडाची करून दिली.

भाचा म्हणतो, आत्या, काकांचं रील करूया, लाखभर लोक बघतील. करूही कदाचित. गटाचा व्हॉट्सअ‍ॅपवरही समूह आहे, मी त्यात आहे. तिथे मी भिंगाबद्दल लिहिलेलं चार दिवसांत सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडलं गेलं, आता मलाच सापडत नाही. म्हणून रजिस्टरात लिहिलं, चित्रासकट: लाल नळी, भिंग कुठे असतं, कुठल्या बाजूने पिळायचं. खाली काकांनी लाल शाईत दुरुस्ती केली आहे, चित्रात मी भिंग उलटं रेखाटलं होतं.

तारे: दोन. एक चंद्राचा, एक गुरूचा. खोक्यावरचा ७५० खोडला आणि पोटातल्या भिंगाचं नाव छापलं तर अडीच. १० मिलिमीटरची नेत्रिका मी शेवटी १,६०० ला विकत घेतली. लेझर कुणाला हवं असेल तर मांजराला खेळवायला उत्तम आहे, फुकट देते.

गेल्या शनिवारी गच्चीवर एक नवीन जोडपं आलं, सोबत तेच लाल खोकं, अजून फोमची गुंडाळी न काढलेली. बाईंनी मला विचारलं, "ताई, हिच्यात शनीची कडी का नाही दिसत हो?" मी पर्समधून रोलची डबी काढली आणि काकांना म्हटलं, रजिस्टर आणा.